बर्डचे 'आवे वेरूम': लय, पट्टी आणि भाव कसा ठरवायचा

क्वायरमध्ये नवी रचना आली की पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न येतात. टेम्पो किती? स्केल कोणती? मूड कसा? मोबाईलवर शोधले की तिन्ही उत्तरे एका ओळीत मिळतातही: अमुक बीपीएम (मिनिटाला ठोके), जी मायनर, 'दुःखी' किंवा 'शांत'. ४०० वर्षांपूर्वीच्या रचनेला ही ओळ जवळजवळ निरुपयोगी आहे. तीच तीन उत्तरे स्वतः कशी काढायची, ते विल्यम बर्ड या इंग्लिश रचनाकाराच्या 'आवे वेरूम कोर्पुस' या चार आवाजांच्या मोटेटवर करून दाखवतो. रचना जेमतेम चार मिनिटांची आहे आणि हौशी गटालाही झेपते. मोटेट म्हणजे लॅटिन धर्मवचनावर बांधलेली, अनेक आवाजांत गायची रचना.

आधी एक खबरदारी. हेच शब्द घेऊन मोझार्टनेही १७९१ मध्ये रचना केली. ती डी मेजरमध्ये आहे, सोबत तंतुवाद्ये आणि ऑर्गन आहेत, आणि तिच्यावर त्याने 'अदाज्यो', म्हणजे संथ, अशी लयीची सूचना लिहिली आहे. शोधताना बहुतेकदा तीच पुढे येते. आमच्या गटातल्या एका बाईंनी आठवडाभर घरी मोझार्टची ऑल्टो ओळ पाठ केली (चार आवाज वरून खाली असे: सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बेस) आणि रविवारी तालमीला येऊन आम्हां सगळ्यांकडे संशयाने पाहिले. तेव्हा प्रतीवर बर्डचे नाव आहे ना, ते पाहून घ्या. 'कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी' या संकेतस्थळावर बर्डच्या रचनेच्या प्रती फुकट मिळतात. दोन वेगवेगळ्या संपादकांच्या प्रती उतरवून शेजारीशेजारी ठेवा. कधी पट्टी वेगळी असते, कधी एकात एका ठोक्याला पांढरा (पोकळ खुणेचा) स्वर असतो तर दुसऱ्यात त्याच्या निम्म्या मूल्याचा काळा (भरीव खुणेचा). असा फरक दिसला की पानावरचे सगळेच बर्डचे नाही, हे लगेच लक्षात येते.

बर्डने १६०५ मध्ये 'ग्रादुआलिया' नावाचा संग्रह छापला, त्यात ही रचना आहे. त्या छपाईत चारही आवाज एका पानावर नव्हतेच. प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका असे. गाणाऱ्यासमोर फक्त त्याची ओळ, मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत, लयीचा आकडा नाही, 'हळू' किंवा 'मोठ्याने' अशी सूचना नाही. ठोके मोजून देणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचे पेटंट १८१५ चे. म्हणजे आपण ज्या तीन गोष्टी शोधतो आहोत, त्यांतली एकही कागदावर आजच्या अर्थाने लिहिलेली नाही. ती दुसरीकडून काढावी लागते.

रचना कुठे गायली जात होती?

माझ्या मते सगळ्याची किल्ली इथे आहे. आपण यूट्यूबवर ही रचना ऐकतो ती मोठ्या कॅथीड्रलमध्ये, पांढऱ्या झग्यांतल्या मुलांच्या तोंडून, आणि घुमणाऱ्या दगडी छताखाली. बर्डने ती तशा जागेसाठी लिहिली असे मानायला जागा नाही.

एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, बेकायदा होती. प्रोटेस्टंट उपासनेला न जाणाऱ्यांना १५८१ च्या कायद्याने महिन्याला २० पौंड दंड होता, आणि भल्याभल्या जमीनदारांचे त्यात दिवाळे निघाले. बर्ड स्वतः चॅपल रॉयल या राणीच्या उपासनेतल्या गायकवृंदातला गायक, आणि तरी कॅथलिक. १५९० च्या दशकात तो लंडन सोडून एसेक्स परगण्यातल्या स्टॉंडन मॅसी गावी राहायला गेला. जवळच इंगेटस्टोन हॉल हा पीटर घराण्याचा वाडा होता. हे घराणे बर्डचे आश्रयदाते. अशा वाड्यांतल्या एखाद्या खोलीत, दार लावून, घरचीच माणसे आणि लपून आलेला धर्मगुरू, असे मिस्साचे स्वरूप असे. १६०५ मध्येच बर्डची ही पुस्तके जवळ सापडली म्हणून लंडनमध्ये एका फ्रेंच माणसाला अटक झाली होती.

मराठी वाचकाला हा काळ अगदीच परका नाही. त्याच इंग्लंडमधून बाहेर पडलेला, बर्डहून दहाएक वर्षांनी लहान असा एक कॅथलिक तरुण रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात शिरला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरला. तोच आपला फादर थॉमस स्टीफन्स, 'क्रिस्तपुराण'कार. १६१६ मध्ये राशोलला ते ओवीबद्ध पुराण छापले गेले, तेव्हा बर्ड अजून हयात होता.

म्हणून पहिली पायरी अशी: गाणे उघडण्याआधी गटाला सांगा की आपण दिवाणखान्यात गातो आहोत, दार बंद आहे, आणि एका आवाजाला दोन-तीन माणसे पुरेत. यातून लय, पट्टी आणि भाव तिन्हींना दिशा मिळते.

शब्द आधी

सुरांना हात न लावता लॅटिन मोठ्याने वाचा. चर्चमध्ये सर्रास चालतात ते इटालियन वळणाचे उच्चार घेऊ:

आवे वेरूम कोर्पुस, नातूम दे मारिया व्हिर्जिने. वेरे पास्सूम, इम्मोलातूम इन क्रूचे प्रो होमिने. कुयुस लातुस पेर्फोरातूम उंदा फ्लुक्सित सांग्विने. एस्तो नोबिस प्रेगुस्तातूम इन मोर्तिस एक्झामिने. ओ दुल्चिस, ओ पिए, ओ येसू फिली मारिए, मिसेरेरे मेइ. आमेन.

भावार्थ असा: कुमारी मरियेपासून जन्मलेल्या खऱ्या देहा, तुला नमन. तू खरोखर यातना भोगल्यास, माणसासाठी क्रुसावर बळी गेलास. तुझी कूस भोसकली आणि रक्ताची लाट वाहिली. मरणाच्या परीक्षेच्या वेळी तू आम्हांला आधीच चाखायला मिळालेला अस. हे मधुरा, हे दयाळा, हे मरियेच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर.

दोन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारा. एक, 'वेरूम' आणि 'वेरे', म्हणजे खरे, खरोखर. मिस्सातली भाकर हा ख्रिस्ताचा खरा देह आहे की नाही, यावरूनच त्या काळी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे बिनसले होते. बंद खोलीत 'खरा देह' म्हणणे ही नुसती भक्ती नव्हती, ती बाजू घेणे होते. दुसरे, 'नोबिस' आणि 'मेइ'. सुरुवातीला 'आम्हांला' म्हणणारा माणूस शेवटी 'माझ्यावर' म्हणतो. अनेकवचनाचे एकवचन होते. पुढे भाव ठरवताना मला याच्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

संग्रहाच्या अर्पणपत्रिकेत बर्ड म्हणतो की पवित्र शब्दांत अशी खोल, दडलेली शक्ती असते की त्यांचे मनापासून चिंतन करणाऱ्याला योग्य स्वर आपोआप सुचतात. रचनाकाराने दिलेली ही एवढीच 'सूचना' आपल्या हातात आहे. ती पाळायची.

पाच वेळा वाचन झाले की प्रत्येकाला एकट्याने, बोलण्याच्या वेगाने, एका श्वासात 'कुयुस लातुस पेर्फोरातूम' म्हणायला सांगा. कुणाचा श्वास कुठे संपतो ते लिहून ठेवा. हा कागद फेकू नका.

पट्टी

छापील पानावर रचना जी वर उभी आहे. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाच. पण १६०५ च्या जी चा आणि आपल्या पेटीच्या जी चा काही करार झालेला नव्हता. ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपने हे माप आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले ते १९३९ मध्ये. त्याआधी गावागणिक, ऑर्गनगणिक स्वर वरखाली. वाद्याची साथ नसलेल्या घरगुती गायनात तर पहिला स्वर लावणारा म्हणेल ती पट्टी.

आपल्याकडे याचे मुळीच आश्चर्य वाटू नये. गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चारमध्ये, तरी राग तोच. पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या मंडळींनाच पानावरचा जी सोडताना अपराधी वाटते. (गोव्याच्या पोर्तुगीज वळणाच्या सोल्फात, म्हणजे दो-रे-मी या स्वरनावांत, 'सोल' म्हणजे कायम जी, आणि आपला 'सा' मात्र फिरता. गटात दोन्ही पठडीतली माणसे असतील तर कोण कुठली भाषा बोलतो हे पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर अर्धा तास भांडणात जातो.)

पट्टी काढायची रीत सोपी आहे. प्रतीत वरच्या आवाजाचा सर्वांत उंच स्वर आणि बेसचा सर्वांत खालचा स्वर शोधून गोल करा. मग गटातल्या कमकुवत सोप्रानोला तो उंच स्वर हळू आवाजात, 'ई' वर गायला लावा. ताकदीने लागला तर मोजू नका. कमकुवत बेसला खालचा स्वर शब्दासकट म्हणायला लावा. नुसते घशातून गुरगुरणे धरू नका. दोघेही जिथे निवांत, ती पट्टी. एक पाऊल खाली पांढरी चार, एक वर पांढरी सहा, अर्धे पाऊल हवे असेल तर काळी तीन किंवा काळी चार. त्या काळच्या रचनांत ऑल्टोची ओळ आजच्या बायकांना बरेचदा खाली वाटते. ती उंच पुरुष आवाजालाही चालते. आमच्याकडे एक टेनर ऑल्टोत बसला आणि पट्टीचा निम्मा प्रश्न सुटला.

मात्र पट्टी बदलली तरी स्वरांचे आपसातले नाते तेच. सा म्हणजे जी धरला तर गांधार कोमल, निषाद कोमल, धैवत मूळचा शुद्ध, अधूनमधून कोमल. म्हणजे काफी थाटाची चौकट. पाश्चात्त्य भाषेत डोरियन मोड. 'जी मायनर' हे लेबल नंतरच्या काळाच्या चष्म्यातून लावलेले आहे. अगदी चूक नाही, पण त्याने शेवटचा स्वर चुकवला जातो. त्याबद्दल शेवटी.

आता दोन निषाद. पहिल्याच 'आवे'च्या दुसऱ्या अक्षरावर सोप्रानो शुद्ध निषाद घेते. कानाला वाटते, आता हा 'सा'कडे जाणार. तेवढ्यात 'वेरूम'च्या पहिल्या अक्षरावर खालून बेस कोमल निषाद घेऊन येतो. देस किंवा खमाज ऐकणाऱ्याला दोन निषाद नवे नाहीत, पण तिथे एकच गळा चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल घेतो. इथे दोन गळे एकामागोमाग परस्परांविरुद्ध बोलतात, आणि तेही नेमके 'खरा' या शब्दावर. पाश्चात्त्य शास्त्रात याला 'फॉल्स रिलेशन' म्हणतात, म्हणजे 'खोटे नाते'. 'खऱ्या'वर खोटे नाते. हा योगायोग मला दर वेळी हसवतो. हौशी गटात बेसला वाटते आपण चुकलो, आणि तो स्वर अर्धवट वर चढवतो. त्याला नेमके उलटे सांगा: हा स्वर ठाम, सपाट, आणि सोप्रानोकडे न बघता. फक्त सोप्रानो आणि बेस उभे करून ही दोन अक्षरे २० वेळा घ्या.

सरावात पेटी कमीत कमी वापरा. तिचे स्वर समान अंतराने ट्यून केलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार थोडा चढा आहे. त्याऐवजी तंबोऱ्याचे ॲप लावा, सा ठरवलेल्या पट्टीवर, जोडीला पंचम. स्वरसमूह साच्या बाहेर गेले की तंबोरा अर्थातच खुपतो, म्हणून तो सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळींपुरताच. मधल्या भागात तो बंद.

लय

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि तो आपल्याच सवयीने होतो. भक्तीचे म्हटले की आपला हात आपोआप विलंबितात जातो. त्यात कॅथीड्रलची ध्वनिमुद्रणे ऐकलेली असतात. तिथे प्रतिध्वनी स्वर भरून काढतो, म्हणून संथ चालते. आमच्या गटाने पहिल्या वर्षी तीच लय उचलली, एका गालिचा घातलेल्या, पंखे घरघरणाऱ्या सभागृहात. 'पेर्फोरातूम'पर्यंत येता येता बेसचा श्वास संपला, टेनर त्याची वाट बघू लागले आणि सोप्रानो अर्धा स्वर खाली घसरली. शेवटी कुणीतरी म्हणाले, 'फार भावपूर्ण झाले.'

त्या काळी लयीचे एकक म्हणजे हाताचा खाली-वर होणारा संथ ठोका. १४९६ मध्ये इटलीतल्या गाफुरियसने या मापाची तुलना शांत श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीशी केली आहे. आकडा नाही, पण तुलना कामाची आहे, कारण नाडी प्रत्येकाच्या मनगटात असते.

मी लयीला दोन कुंपणे घालतो. खालचे कुंपण श्वासाचे. मघाचा जपून ठेवलेला कागद काढा. 'कुयुस लातुस पेर्फोरातूम' म्हणताना ज्याचा श्वास सर्वांत आधी संपतो, त्याला ते गाऊन एका श्वासात संपवता येईल इतकी तरी लय हवी. वरचे कुंपण शेवटच्या 'मिसेरेरे मेइ'चे. तोवर चारही आवाज बहुतांशी एकत्र चालतात, तिथे मात्र एकामागून एक तोच शब्द घेऊन येतात. एका आवाजाचा 'मि' दुसऱ्याच्या 'रे'खाली गाडला जाऊ लागला की लय जास्त झाली. या दोन कुंपणांमध्ये जी जागा उरते, तीच तुमची. आमची जागा मेट्रोनोमवर ५८ ते ६६ च्या दरम्यान निघाली. पूर्ण रचना चार मिनिटांच्या आसपास बसते. तुमच्या प्रतीत स्वरांची मूल्ये दुप्पट असतील तर ठोका पांढऱ्या स्वराला धरा, नाहीतर काळ्याला. मोबाईलने १२० सांगितले तर घाबरू नका, त्याने तुमचा एक ठोका दोन म्हणून मोजला आहे.

मग जागा तपासा. खोलीच्या मधोमध टाळी वाजवा आणि आवाज विरेपर्यंत सेकंद मोजा. टाळी लगेच मेली तर वरच्या कुंपणाजवळ राहा. दोन-तीन सेकंद घुमली तर खालच्याजवळ. ठिकाण बदलले की पुन्हा टाळी. तालमीच्या खोलीतली लय घेऊन चर्चमध्ये जाणे म्हणजे घरच्या चपला घालून डोंगर चढणे.

लय ठरली की मेट्रोनोम बंद करा. ठोका हातात ठेवा, पण प्रत्येक ठोक्याला वजन देऊ नका. वजन शब्दातल्या आघाताला: 'वे'रूम, 'कोर्'पुस, इम्मो'ला'तूम, मिसे'रे'रे. आधुनिक प्रतीतल्या उभ्या रेघा खोडरबराने पुसता येत नाहीत, पण डोळ्यांनी पुसता येतात. एकदा चौघांना चार कोपऱ्यांत, पाठ करून, फक्त आपापली ओळ घेऊन उभे करा. कुणी हात दाखवायचा नाही. १६०५ चे गायक असेच एकमेकांचे ऐकून चालत असणार. पहिल्यांदा मोडेल. तिसऱ्यांदा जी लय आपसूक जमते, ती बहुधा तुमच्या आकड्याहून बरी असते.

भाव

आता 'मूड'. 'दुःखी' लिहून गटाला दिले तर सगळे मान खाली घालून, आवाज दाबून गातात आणि सूर उतरतात. मी 'दुःखी' हा शब्द तालमीत वापरायचा सोडला आहे.

पहिला भाग साक्षीचा आहे. जन्म, यातना, बळी, रक्त. बर्डचे आवाज इथे जवळजवळ एकत्र बोलतात, सजावट नाही. साक्षीदाराने सांगावे तसे गा. आवाज मध्यम, शब्द स्वच्छ, कुठेही हुंदका नको. 'इन क्रूचे'वर आवाज फुगवायचा मोह होतो. आवरा. खोलीचे दार बंद आहे आणि बाहेर कुणी ऐकत असू शकेल, एवढे सांगितले की आमच्या टेनरचा आवाज आपोआप योग्य मापात आला. दुसऱ्या कुठल्याही सूचनेने तो कधी आला नव्हता.

'ओ दुल्चिस'ला सगळे बदलते. वरचा आवाज आधी हाक मारतो आणि खालचे तिघे उत्तर देतात. पुन्हा 'ओ पिए', पुन्हा उत्तर. आपल्या नामस्मरणात एकाने नाव घ्यावे आणि मागच्यांनी धरावे, त्या जातीचे हे आहे. इथे सोप्रानोने पुढे ढकलू नये. हाक मारून थांबावे आणि उत्तर खरेच ऐकावे. मग 'मिसेरेरे मेइ'. आधी खूण केलेले 'माझ्यावर' ते हेच. तोवर एका आवाजात बोलणारी मंडळी इथे विखुरतात. जो तो आपल्या वेळेला, आपल्यापुरते मागतो. प्रत्येक प्रवेश स्पष्ट, पण मोठा नाही. आणि आपला 'मेइ' संपला की दुसऱ्याला वाट द्यायची.

'ओ दुल्चिस'पासून 'मेइ'पर्यंतचा भाग दोनदा येतो. पुनरावृत्ती गाळू नका. वेळ वाचवायला बरेच जण गाळतात. दुसऱ्या फेरीत लय तीच ठेवा, आवाज कमी करा. एकदा मागून झालेले पुन्हा मागताना माणूस सहसा ओरडत नाही. (उलट, दुसऱ्यांदा वाढवत नेणारे गटही आहेत. मला पटत नाही, पण ऐकायला वाईट नाही.)

तालमींची वाटणी आमच्याकडे अशी पडते. पहिली पूर्ण शब्दांना आणि श्वासाच्या कागदाला. दुसरीत पट्टी आणि दोन निषाद. 'मिसेरेरे'ला दोन अख्ख्या तालमी, त्याही शेवटाकडून मागे येत, कारण थकलेला गट नेहमी शेवटच शिकायचा ठेवतो. उरलेल्या सगळ्यासाठी एक.

राहिला 'आमेन'. तिथे शेवटचा स्वरसमूह कोमल गांधाराचा नाही, शुद्ध गांधाराचा आहे. 'जी मायनर, दुःखी' या लेबलातून सुटलेला स्वर तो हाच. हा गांधार पेटीवरून घेऊ नका. तंबोरा लावा, सगळ्यांनी गप्प बसा आणि तारांच्या आत ऐकू येणारा स्वयंभू गांधार कानात येईपर्यंत थांबा. ज्या आवाजाकडे तो स्वर आहे, त्याने तंबोऱ्यातल्या त्या स्वरात फक्त मिसळायचे, वरून बसवायचा नाही. जमला की सा आणि पंचम गाणारे आपोआप सैल होतात. तोच समूह पूर्ण श्वास पुरेल इतका धरा, हाताच्या खुणेवर एकदम सोडा, आणि लगेच टाळ्या पडणार असतील तर प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवा.